पहिल्या नोकरीआधी पोरांना नक्की काय शिकवायचं? (रविवारचा वर्ग – अनुभव हवेत)

रानजाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी पुण्याजवळ एका कारखान्यात एचआरला १६ वर्षं होते, आईच्या आजारपणामुळं दीड वर्षापूर्वी गावी आले. खानापूर तालुका, विट्यापासून जवळच. दिवाळीपासून गावच्या वाचनालयात दर रविवारी १० ते १ पोरापोरींना घेऊन बसते. १४ जण येतात, कोण आयटीआय झालेलं, कोण बी.कॉम., दोघं डिप्लोमाचे, तिघं बारावीवर थांबलेले.

आमच्या भागाचं थोडं सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही. आमच्याकडं पिढ्यानपिढ्या गलाईचा धंदा. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. दुष्काळी भाग, शेतीवर भागत नव्हतं म्हणून माणसं केरळ, तामिळनाडू, पार उत्तरेपर्यंत गेली आणि तिथं दुकानं टाकली. पोरगं दहावी-बारावी झालं की मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात जायचं. त्याला ना अर्ज, ना मुलाखत. "अमक्याचा पोरगा आहे" एवढ्यावर काम मिळायचं. आता पोरांना कंपनीत जायचंय, ऑफिसात जायचंय, चांगलंच आहे, पण घरात कुणीच कधी पगाराची नोकरी केलेली नाही. त्यामुळं विचारायचं कुणाला? बाप म्हणतो मला त्यातलं कळत नाही, मामा म्हणतो कशाला कंपनी, इकडं ये.

एक प्रसंग सांगते म्हणजे लक्षात येईल. वर्गातली एक मुलगी, बी.कॉम. ७८ टक्के, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येतं, अक्षर मोत्यासारखं. कोल्हापूरच्या एका फर्ममध्ये अर्ज केला होता. त्यांचा फोन आला तीनदा, तिनं उचललाच नाही. का, तर लहानपणापासून घरात सांगितलेलं, अनोळखी नंबर उचलायचा नाही. त्यांनी दुसरी मुलगी घेतली. हे तिला कळलं १५ दिवसांनी, मीच त्या फर्मला फोन लावून विचारलं तेव्हा. ती रडली नाही, गप्प बसून राहिली, आणि मग म्हणाली "मॅडम, अर्ज केल्यावर असा फोन येतो हे मला माहितीच नव्हतं."

तेव्हापासून मी वर्गात फोनच घेते आधी. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन करते, आत पोरं उचलतात. "हां कोण?" वरनं "नमस्कार, मी अमुक बोलतोय" वर यायला आम्हाला चार रविवार लागले. तर मला विचारायचंय की तुम्ही जे नोकरी करताय, तुम्हाला पहिल्या नोकरीआधी कुणी काय सांगितलं असतं तर बरं झालं असतं? पुस्तकातलं नको, खरं घडलेलं सांगा.

नदीकाठ
फार चांगलं काम करताय ताई. वाचतेय. फोनचं तर अगदी पटलं.

चाकणचौक
रानजाई, मी चाकणला एका ऑटो पार्ट्सवाल्याकडं एचआरला आहे, ११ वर्षं झाली. दर महिन्याला दोन-अडीचशे बायोडाटे हातातून जातात त्यामुळं तेवढ्यापुरतंच बोलतो.

खेड्यातून येणारा बायोडाटा लगेच ओळखू येतो कारण तो पोराचा नसतोच, सायबर कॅफेवाल्याचा असतो. त्याच्याकडं एक फाइल असते, नाव-पत्ता बदलायचा नि ३० रुपयांत प्रिंट द्यायची. सगळ्यांचं उद्दिष्ट तेच इंग्रजी वाक्य, सगळ्यांचे छंद क्रिकेट आणि वाचन. मी एकदा एकाला विचारलं की हे वरचं वाक्य वाचून अर्थ सांग, त्याला वाचता पण येईना, घाम फुटला बिचाऱ्याला. त्यानंतर मी ते विचारणं बंद केलं, त्याच्यात त्या पोराचा काय दोष. पण ते वाक्य काढून टाका आधी. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, उंची-वजन पण काढा, आम्हाला नको असतं ते. एक पान बास. वर नाव, चालू असलेला मोबाईल नंबर, साधा ईमेल. मग शिक्षण, मग काय काय काम केलंय. इथंच पोरं "फ्रेशर" लिहून मोकळी होतात.

अरे पण काम केलेलं असतं ना. सुट्टीत ट्रॅक्टरच्या गॅरेजला बसलेला असतो, काकाच्या दुकानाचा हिशोब ठेवलेला असतो, ऊसतोडीच्या टोळीची हजेरी लिहिलेली असते. ती नोकरी नाही म्हणून लिहीत नाहीत. मला ते हवं असतं. सकाळी सहाला उठून कुणाच्यातरी हाताखाली काम केलंय का, एवढंच बघायचं असतं पहिल्या वेळेला.

तुमच्या वर्गात गलाईचं काम केलेलं कुणी आहे का?

रानजाई
आहे की. एकजण बारावीनंतर अडीच वर्षं मामाकडं कोईमतूरला होता, मग आयटीआय केलं (फिटर). मूस (सोनं वितळवायचं भांडं) भट्टीत चढवण्यापासून ॲसिडचं काम, वजनं, पावत्या, सगळं केलंय. बायोडाट्यात यातली एक ओळ नाही! "गॅप" म्हणून दाखवलंय, आणि मुलाखतीत गॅपबद्दल विचारलं तर घरी होतो म्हणून सांगायचं असं त्याला कुणीतरी शिकवलंय.

चाकणचौक
हेच म्हणतोय मी. त्याला म्हणावं लिहून काढ. दुसऱ्याचं सोनं हातात घेऊन मिलिग्रॅमपर्यंत वजन करणारा पोरगा, अडीच वर्षात हिशोबात तूट नाही, तेजाबाजवळ काळजी घेऊन काम केलंय. आमच्या क्वालिटीला (माल तपासणाऱ्या विभागाला), स्टँडर्ड रूमला (मापाची हत्यारं तपासतात तिथं) असा माणूस शोधून सापडत नाही. घरी होतो म्हणाला असता तर मी पुढचा बायोडाटा उचलला असता.

तिसरी_पाळी
मी पण फिटर, नाशिक सातपूर. आता मेंटेनन्सला आहे. ताई तुमच्या आयटीआयवाल्या पोरांसाठी माझा अनुभव देतो.

माझी पहिली मुलाखत २००९ ला. साहेबांनी टेबलावर एक बुश (धातूची छोटी नळी) ठेवला, शेजारी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं हत्यार), म्हणले बाहेरचा व्यास सांग. मी आयटीआयत शेकडो वेळा केलेलं. उचलला, धरला, मेन स्केल २४, खाली सतरावी रेघ जुळली, लीस्ट काउंट (हत्यारावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२, म्हणजे ०.३४, उत्तर २४.३४. धाडकन सांगितलं. साहेब म्हणले परत बघ. परत तेच आलं. मग त्यांनी व्हर्निअर मिटवून माझ्यापुढं धरला, तेव्हा दिसलं की जबडे पूर्ण मिटले तरी शून्यावर शून्य येत नाही. झीरो एरर. मी बघितलीच नव्हती. उत्तर चुकलं म्हणून त्यांनी नाकारलं नाही पण, ते म्हणले "हत्यार हातात घेतलं की आधी हत्याराला तपासायचं, मग जॉबला (मोजायच्या वस्तूला)." घेतलं मला. आज माझ्याकडं नवीन पोरं येतात त्यांना मी हेच पहिल्या दिवशी देतो. मार्कशीटवर ८५ टक्के असतात पण व्हर्निअर सहा महिने हातात धरलेला नसतो, कारण परीक्षा झाली की संपलं. तर वर्गात एक जुना व्हर्निअर, एक मायक्रोमीटर, दोनचार बेअरिंग ठेवा. विट्यात यंत्रमागाच्या वर्कशॉपवाल्यांकडं मिळून जाईल.

दुसरं अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून काम करायचं. कायदा १९६१ चा आहे, जुनाच, पण २०१६ पासून केंद्राची प्रोत्साहन योजना आली तेव्हापासून बऱ्याच लहान कंपन्या पण घेतात. अप्रेंटिसशिप इंडियाच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायचं, कंपनीशी करार तिथंच होतो, तो करार स्वतः डाउनलोड करून ठेवायचा. पोरं म्हणतात साहेब स्टायपेंड कमी आहे, त्यापेक्षा ठेकेदाराकडं हेल्परला जास्त मिळतात. मिळतात, खोटं नाही. पण वर्षाच्या शेवटी परीक्षा देऊन जे राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं ते कायमचं तुमचं, रेल्वे, वीज कंपन्या, सरकारी कारखाने सगळीकडं त्याला किंमत आहे. हेल्परला काहीच कागद मिळत नाही. मी स्वतः ते वर्ष काढलंय, खोलीत सहा जण, रोज संध्याकाळी पिठलं-भात, पण आज कुठंही ताठ मानेनं सर्टिफिकेट टेबलावर ठेवता येतं.

एक मात्र स्पष्ट सांगा पोरांना, की अप्रेंटिसला पीएफ नसतो आणि वर्ष संपल्यावर तिथंच घेतील असंही नाही. हे आधी माहीत असलं की मन मोडत नाही.

सरळरेघ
सगळं ठीक आहे पण मूळ मुद्दा इंग्रजी. इंग्रजी शिकवा, बाकी पोरं आपोआप शिकतात. मुलाखतीत गाडी तिथंच अडते.

चाकणचौक
सरळरेघ, ऑफिसच्या कामाला, आयटीला इंग्रजी लागतंच, नाकारत नाही. पण शॉपफ्लोअरला मी मराठी-हिंदीतच मुलाखत घेतो. तिथं पोरगं अडतं ते वेगळ्या कारणानं. "तुझ्याबद्दल सांग" म्हणलं की त्याला मराठीत पण सांगता येत नाही, कारण आजवर त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आधी मराठीत दोन मिनिटं बोलू दे, मग इंग्रजीचं बघू.

रानजाई
सरळरेघ, इंग्रजी घेतेच मी, रोज १० वाक्यं, कामाच्या ठिकाणची. पण चाकणचौकदादा म्हणतात ते दिसतंय वर्गात. मराठीत नीट सांगता आलं की इंग्रजीची भीती अर्धी जाते, हे मी तिघांच्यात तरी डोळ्यांनी बघितलं.

उंबरठा
ताई मी लातूरकडची. माझी लेक बी.कॉम. झालीय, पुण्याला जायचं म्हणायलीय. एकटीला पाठवायचं म्हणलं की जीव वरखाली होतंय. ह्यांचं म्हणणं इथंच बघू काहीतरी. मला तिला अडवायचं नाही पण पहिल्या महिन्यात किती पैसे लागतील, कुठं राहील, कोण सांगणार? कुणी मुली असतील इथं तर सांगा.

कृष्णकमळ
काकू, मी बीडची, सात वर्षांपूर्वी अशीच एकटी पुण्याला आले. तुमच्यासारखीच माझी आई होती, रात्री अकरा वाजता फोन करून "कडी लावली का" विचारायची.

पैशाचं असंय की पहिला पगार लगेच येत नाही, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी ३ तारखेला रुजू झाले, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला आला. म्हणजे ३५ दिवस. त्यात खोलीचं डिपॉझिट, महिन्याचं भाडं, मेस, बसचा पास, ऑफिसात घालायला दोन ड्रेस, चप्पल. मी १० हजार घेऊन आलेले, १९ व्या दिवशी संपले. मैत्रिणीकडून घ्यायची लाज वाटत होती म्हणून चार दिवस दुपारचं जेवण सोडलं. तर दीड महिना पुरेल एवढे पैसे बाजूला ठेवूनच पाठवा, कमी असतील तर रुजू व्हायची तारीख आठवडाभर पुढं मागा, देतात, विचारलेलं कुणी वाईट मानत नाही.

राहायला आधी कॉट बेसिसवर (खोलीतला एक पलंग भाड्यानं) बघा, महिनाभर फक्त. इतर मुलींना विचारून मग पक्की जागा घ्यायची. ऑनलाइन फोटो बघून डिपॉझिट पाठवायचं नाही, जाऊन बघायचं, नळाला पाणी किती वाजता येतं ते तिथल्या मुलींना विचारायचं. रात्री आठ वाजता त्या गल्लीतून एकदा चालून बघायचं, दिवसा सगळ्या गल्ल्या चांगल्या दिसतात.

आणि काकू, लेकीला हे पण सांगून ठेवा की १० किंवा जास्त माणसं असलेल्या कुठल्याही ऑफिसात बायकांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, २०१३ चा कायदा आहे. त्याहून लहान ठिकाण असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी आणि ३ महिन्यांच्या आत द्यायची. माझ्या पहिल्या ठिकाणी मला त्रास झाला होता, मी काही न बोलता नोकरी सोडली, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं. तिला रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात विचारू दे की समितीत कोण आहे. नुसतं विचारलं तरी लोक जपून वागतात.

उंबरठा
डोळ्यात पाणी आलं बाळा. वाचून दाखवलं तिच्या पप्पांना. दीड महिन्याचं लिहून ठेवलं.

पावशेर
पगारावरून आठवलं म्हणून लिहितोय, मी पेरोलला काम करतो. रानजाई, एक रविवार पगाराच्या पावतीला द्याच. पोरांना "महिना २० हजार" सांगतात, हातात १६ येतात, मग पोरगं म्हणतं कंपनीनं फसवलं नि सोडून जातं. फसवलेलं नसतं दरवेळी, त्याला वाचता आलेलं नसतं.

फळ्यावर असं मांडा. एकूण पगार म्हणजे ग्रॉस १८,०००, त्यातला बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १२,०००. पीएफ १२,००० वर १२ टक्के, १,४४० कापले. ईएसआय (कामगारांचा सरकारी आजारपणाचा विमा) १८,००० वर पाऊण टक्का, १३५. व्यवसायकर २०० (फेब्रुवारीत ३००, आणि बायकांना २५ हजारापर्यंत माफ). हातात आले १६,२२५. आता कंपनी आपल्या खिशातनं पीएफचे आणखी १,४४० घालते आणि ईएसआयचे सव्वातीन टक्क्यांनी ५८५. ते मिळवले की २०,०२५. कंपनी बोलते तो आकडा हा असतो. त्याला सीटीसी म्हणतात, कंपनीला पडणारा एकूण खर्च. म्हणून ऑफर आली की एकच प्रश्न विचारायचा, "सर, सगळं कापून हातात किती येतील?" यात उद्धटपणा काही नाही.

कंपनीच्या १,४४० मधले साधारण १,००० पेन्शनला जातात, ४४० पीएफला. नोकरी बदलली की पोरं पीएफ काढून मोबाईल घेतात. नका काढू, तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पुढच्या कंपनीत द्या, पैसे ट्रान्स्फर करा, पेन्शनला १० वर्षं नोकरी लागते ती जोडून मोजतात. नवीन कंपनीत "तुमचा यूएएन आहे का" विचारलं की नाही म्हणून सांगतात नि दुसरा निघतो, मग त्या दोन नंबरांचा गुंता सोडवता सोडवता वर्ष जातं.

ईएसआय कापत असतील तर कार्डावर आई-वडिलांची नावं घालून घ्या, ते अवलंबून असतील तर त्यांना पण उपचार मिळतो. माझ्या ओळखीच्या एका हेल्परनं दोन वर्षं पैसे भरले, आईचं ऑपरेशन खाजगीत कर्ज काढून केलं, आणि नंतर कळलं की कार्ड चाललं असतं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

ठेकेदाराकडं असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. पावतीवर कापलेले दिसतात पण खात्यात भरलेलेच नसतात असं होतं. पावतीच देत नसेल तर तिथंच समजून जा.

रानजाई
पावशेर, हे फळ्यावर जसंच्या तसं घेणार. एक भर घालते, नावांचा घोळ. आमच्या १४ जणांपैकी ९ जणांचं आधार, मार्कशीट आणि पॅन यावरचं नाव जुळत नाही! कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव नाही, एका मुलीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर ऑगस्ट. मी नोकरीत असताना यामुळं लोकांचे पीएफ वर्षानुवर्षं अडकलेले बघितलेत. म्हणून दुसऱ्याच रविवारी सगळ्यांचे कागद जमिनीवर पसरून बसलो, ज्याचं जे चुकलंय ते लाल पेनानं वहीत लिहिलं. आता ७ जणांचं दुरुस्त झालं. मुलाखत लागली की मग पळापळ करायची नाही, आत्ताच करायचं.

पेठेतला
मी बराच वेळ लिहू की नको करत होतो. सहा वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, एकदा साडेतीन मार्कांनी गेलं. २९ व्या वर्षी परत आलो. गावात लोक विचारायचे काय करतो सध्या, म्हणून दिवसा बाहेर पडायचो नाही.

तुमच्या वर्गात पुढंमागं असे येतील, म्हणून सांगतो. मला सगळ्यात जास्त त्रास मुलाखतीत "ही सहा वर्षं काय केलं" या प्रश्नाचा झाला. आधी मी गोलमोल सांगायचो. चौथ्या मुलाखतीला सरळ सांगितलं, स्पर्धा परीक्षा दिली, इथपर्यंत पोहोचलो, झालं नाही, आता थांबलोय, परत जाणार नाही. समोरचे गृहस्थ म्हणाले, एवढंच ऐकायचं होतं, तू परत जाशील या भीतीनं आम्ही घेत नाही. पतसंस्थेत लागलो, क्लार्क म्हणून, माझ्याहून सात वर्षांनी लहान मुलाच्या हाताखाली. कर्जाची कागदपत्रं वाचायची, नियम काढायचे, पत्र लिहायची. कलम वाचायची सवय त्या सहा वर्षांत झालेली होती ती तिथं कामी आली. आता कर्ज विभाग बघतो.

अभ्यास करू नका असं मी कुणाला म्हणणार नाही. माझे दोन मित्र अधिकारी आहेत, त्यांच्या कष्टाचा मला अभिमान आहे. पण सुरू करतानाच घरच्यांसमोर वर्ष ठरवा, कागदावर लिहा. आणि दरम्यान काहीतरी एक हातात असू दे, टॅली म्हणा, जीएसटीचं काम म्हणा, आठवड्याला दोन तास. मी ते केलं असतं तर परत येताना एवढा रिकामा आलो नसतो.

तिसरी_पाळी
पेठेतला, भाऊ तू लिहिलंस ते फार बरं झालं. माझा धाकटा भाऊ तिथंच आहे सध्या. त्याला पाठवतोय.

सरळरेघ
एक विचारतो, राग मानू नका. आजकालची पोरं टिकतच नाहीत त्याचं काय? आमच्या युनिटला गेल्या वर्षी गावाकडून आणलेली आठ पोरं, महिन्यात पाच पळाली. न सांगता. त्यांना काय शिकवायचं?

रानजाई
राग कशाला, मी पण १६ वर्षं तुमच्याच बाजूच्या खुर्चीत होते आणि हेच म्हणायचे. इथं आल्यावर दुसरी बाजू कळली.

आमच्यातला एक जण ११ दिवसांत परत आला. सगळे म्हणाले आळशी आहे. मी त्याला घरी बोलवून चहा दिला, हळूहळू विचारलं. दुसरी पाळी होती, दुपारी ३ ते रात्री ११.३०. नवव्या दिवशी ताप भरला. खोलीवर झोपून राहिला. सुपरवायझरचा नंबर त्याच्याकडं होता, पण साहेबांना फोन कसा करायचा, ते ओरडले तर, म्हणून केला नाही. दुसरा दिवस पण गेला. मग तर जास्तच भीती, आता कुठल्या तोंडानं जायचं. तिसऱ्या दिवशी एसटीत बसून घरी. त्याला वाटत होतं की न सांगता दोन दिवस राहिलो म्हणजे नोकरी गेलीच. त्याच्या मामाच्या दुकानात आजारी पडला तर मामी काढा द्यायची, कुणाला कळवायचा प्रश्नच नव्हता.

मी त्याच सुपरवायझरला फोन लावला. ते म्हणाले, अहो मॅडम, एक मेसेज टाकला असता तर मी पाळी बदलून दिली असती, पोरगं कामाला चांगलं होतं. तोवर जागा भरली होती.

तर तुमच्या त्या पाच जणांपैकी एकदोघं तरी असे असतील. आता आम्ही वर्गात हे म्हणून घेतो, अगदी पाठ करून, "सर, मला ताप आहे, आज पाळीला येऊ शकत नाही, उद्या सकाळी १० पर्यंत कळवतो." आणि "सर, हे मला समजलं नाही, परत एकदा दाखवाल का?" दुसरं वाक्य म्हणताना पोरांचा आवाज खाली जातो. शाळेत परत विचारलं की ओरडा बसायचा ना. मी म्हणते परत म्हण, मोठ्यानं म्हण.

सरळरेघ
हे लक्षात आलं नव्हतं. त्यातल्या दोघांचे नंबर आहेत माझ्याकडं, उद्या फोन करून बघतो.

खारा_वारा
रत्नागिरीहून. आमच्या बाजूला आखातात जायची जुनी सवय, मी स्वतः ९ वर्षं मस्कतला होतो. फसवणुकीचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

माझ्या भाच्याला मोबाईलवर मेसेज आला, मोठ्या कंपनीचं नाव, लोगो, ऑफर लेटर सुद्धा. आधी नोंदणीचे ३५० मागितले. गेले. मग मेडिकलचे १,८००. मग गणवेशाचं डिपॉझिट ४,५००. प्रत्येक वेळी वाटतं एवढे भरलेत तर आता आणखी थोडे. माझ्या बहिणीनं कानातलं गहाण ठेवून तिसरा हप्ता भरला आणि नंबर बंद. पोरांच्या मनावर हे कोरून ठेवा की नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. कुठल्याही नावाखाली मागितले की तिथंच थांबायचं. गेले असतील तर लगेच, त्याच तासाला, १९३० वर फोन करायचा, पैसे पुढं सरकायच्या आत गोठवता येतात. भाच्यानं लाजेनं आठ दिवस घरात सांगितलंच नाही.

परदेशाचं म्हणाल तर एजंट सरकारकडं नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर बघता येतं. नोंदलेल्या एजंटला सेवाशुल्क ३०,००० आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, लाख-दीड लाख मागणारा चुकीचाच. टुरिस्ट व्हिसावर कामाला जायचं नाही म्हणजे नाही. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी सांगून पोरांना पुढं म्यानमारच्या हद्दीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला कोंडलेलं आहे, मारहाण झालेली आहे, त्यात आपल्या महाराष्ट्रातली पोरंसुद्धा होती. पासपोर्ट आपल्या हातातून गेला की माणूस अडकला.

पावशेर
इथंसुद्धा मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणारे आहेत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ कागद परत घेऊनच उठायचं. आणि बाँडवर (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही अशा करारावर) सही करायच्या आधी घरी आणून कुणालातरी वाचायला द्यायचा. "आत्ताच सही कर" म्हणणाऱ्याला "उद्या देतो" म्हणता आलं पाहिजे.

नदीकाठ
ताई, त्या बी.कॉम.च्या मुलीचं पुढं काय झालं? वाचल्यापासून तीच डोक्यात आहे.

रानजाई
नदीकाठ, ती सध्या ग्रामपंचायतीत आहे, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून. २०२४ ला आलेली योजना, पदवीवाल्यांना महिना १०,००० विद्यावेतन. कायमची नोकरी नाही हे तिला माहीत आहे, म्हणून रोज एक अर्ज टाकते, वहीत तारीख, कंपनी, नंबर लिहून ठेवते. त्या कंपनीचा नंबर आधीच मोबाईलमध्ये नावानं सेव्ह करायचा हे तिनंच सुचवलं, म्हणजे फोन आला की नाव दिसतं, घरचे पण घाबरत नाहीत. आता सगळा वर्ग तसं करतो. मागच्या मंगळवारी सांगलीहून एक फोन आला, भाकरी थापत होती, पिठाच्या हातानं उचलला. शुक्रवारी बोलावलंय.

आणि चाकणचौक, आमच्या गलाईवाल्याचा बायोडाटा काल रात्री नवीन लिहिला, वाचनालयात साडेनऊपर्यंत बसलो होतो. त्यानं स्वतः मराठीत सांगितलं, आम्ही मिळून मांडलं. ही ओळ बघा बरोबर वाटते का: "कोईमतूर येथील सोने शुद्धीकरणाच्या दुकानात अडीच वर्षे काम. मिलिग्रॅमपर्यंत वजन, रोजची आवक-जावक नोंद, आम्लाचे काम सुरक्षितपणे." मामाचा नंबर द्यायचा का संदर्भ म्हणून? तो नको म्हणतो, नातं आहे म्हणून.

चाकणचौक
ओळ एक नंबर. "रोज काट्याचं शून्य तपासून" असं घाला त्यात, तपासत असेल तर. मामाचा नंबर देऊ दे, नातं आहे हे सरळ सांगायचं, लपवायचं नाही. गुरुवारी आमच्याकडं क्वालिटी ट्रेनीच्या मुलाखती आहेत, सकाळी १० ला. घेतीलच असा शब्द मी देत नाही, माझ्या हातात पहिली फेरीच आहे. पण पाठवा.

रानजाई
शून्य तपासायचा का म्हणून आत्ता फोन करून विचारलं. म्हणाला "मॅडम, त्याशिवाय दुकान उघडतच नव्हतो." घातली ओळ.

बुधवारी रात्रीच्या एसटीनं निघेल, पहाटे स्वारगेटला. तिथून चाकणला कसं यायचं? आणि तोंड धुवायला, कपडे बदलायला कुठं जागा मिळेल का, पोरगं पहिल्यांदाच जातंय पुण्याला.

कृष्णकमळ
स्वारगेटहून भोसरीची बस, भोसरीहून चाकणची बस मिळते. सकाळी गर्दी असते, सातच्या आत भोसरी गाठायला सांगा.

तिसरी_पाळी
भोसरीत माझा आतेभाऊ राहतो, खोलीवर उतरू दे, आंघोळ करून चहा-पोहे खाऊन जाईल. ताई, व्यनि (खाजगी निरोप) करतो पत्ता. आणि त्याला म्हणावं व्हर्निअर दिला तर आधी मिटवून बघ.